मूव्हिंग अॅव्हरेज लावून मोमेंटमचे, म्हणजे जोरात वर चाललेले, शेअर कसे चाळायचे?

तुम्ही विचारलंय की परभणीत नोकरी करता, लाखभर रुपये बाजूला टाकलेत, आणि 50 दिवसांची सरासरी (मूव्हिंग अॅव्हरेज, म्हणजे गेल्या 50 दिवसांच्या बंद भावांची रोज पुढे सरकणारी सरासरी) 200 दिवसांच्या सरासरीला खालून वर छेदून गेली की शेअर घ्यायचा, एवढ्या एका नियमावर चालेल का. पाचशे शेअरांतून चाळीस-पन्नास बाजूला काढायला सरासरी फार कामाची आहे. पण छेद पडला म्हणून मी कधी खरेदी करत नाही.

का, ते कळायला एकदा कागदावर हिशेब करा. पाच दिवसांचे बंद भाव घ्या: 100, 102, 101, 105, 107. बेरीज 515, सरासरी 103. सहाव्या दिवशी शेअर पुन्हा 107 लाच बंद झाला. भाव पैशानेही हलला नाही, तरी सरासरी 104.40 झाली. कारण मागचा 100 गळाला आणि त्याच्या जागी 107 आला. 200 दिवसांच्या सरासरीत तर साधारण दहा महिन्यांपूर्वीचा भाव गळत असतो. म्हणून दोन सरासऱ्यांचा छेद पडतो तोवर बरीचशी चाल होऊन गेलेली असते.

मी लातूरला आडतीवर हिशेब बघतो, त्यामुळे हे मला शेअरच्या आधी सोयाबीनने शिकवलं. 2021 च्या ऑगस्टच्या सुरुवातीला इथं क्विंटलला 10 हजारांच्या वर भाव गेला होता. मग सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली, पुढं नवी आवक सुरू झाली, आणि ऑक्टोबरात भाव निम्म्याच्या आसपास आला. उतार लागल्यावरही काही दिवस 50 दिवसांची सरासरी वरच सरकत होती. तेवढ्याच भरवशावर माल धरून ठेवलेली माणसं माझ्यासमोर बसलेली मी पाहिली आहेत. सरासरीला कल कळतो, वळण उशिरा कळतं.

आता माझी चाळणी. निफ्टी 500, म्हणजे एनएसईच्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातलेच शेअर घेतो. बंद भाव 50 च्या सरासरीवर हवा, 50 ची सरासरी 200 च्या वर हवी, आणि 200 ची सरासरी महिन्यापूर्वी होती त्यापेक्षा आज वर हवी. ही तिसरी अट बरेच जण लावत नाहीत, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. 200 ची रेघ आडवी असेल तर भाव तिच्या वर-खाली लोंबकळत राहतो. दर पंधरवड्याला घ्या-विका होते आणि दलाली-करातच पैसा जातो. शिवाय रोजची उलाढाल निदान पाच कोटींची बघतो, नाहीतर विकायच्या दिवशी घेणारा सापडत नाही.

जे उरतात ते गेल्या सहा महिन्यांच्या वाढीप्रमाणे क्रमाने लावतो. मोमेंटम खरं तर इथं मोजला जातो. सरासरी फक्त दिशा सांगते, कोण किती जोरात चाललाय ते क्रमवारीतून दिसतं. निफ्टी 200 मोमेंटम 30 हा निर्देशांकही सहा आणि बारा महिन्यांची वाढ, तिला चढउतारांनी भागून, अशाच धर्तीवर शेअर निवडतो.

एमएसीडीबद्दलही विचारलंय. 12 दिवसांच्या एक्स्पोनेन्शियल (ताज्या भावांना जास्त वजन देणाऱ्या) सरासरीतून 26 दिवसांची वजा केली की एमएसीडी, आणि त्याची 9 दिवसांची सरासरी म्हणजे सिग्नल रेघ. एका शेअरच्या चार्टवर ठीक आहे. पण हा आकडा रुपयांत असतो. लाखाच्या घरातल्या एमआरएफचा एमएसीडी हजारात जाऊ शकतो आणि दीडशे रुपयांच्या शेअरचा चार-पाच रुपयेच असतो. त्यावर क्रम लावला तर महागडे शेअर उगाच वर येतात. वजाबाकीला 26 च्या सरासरीने भागून टक्के काढा, मग तुलना होते.

माझी एक चूक सांगतो, तुमची होऊ नये म्हणून. सुरुवातीला मी भाव हाताने तक्त्यात भरायचो. एका शेअरला एकास एक बोनस होता, म्हणजे एका शेअरमागे एक फुकट, त्यामुळे भाव निम्मा. भाव 840 चा 420 झाला, जुने आकडे तसेच राहिले, 200 ची सरासरी 700 च्या पुढं दिसत होती. मी घाबरून सकाळीच विकला. शेअर पडलाच नव्हता. तेव्हापासून बोनस आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक होणं) धरून सुधारलेले भाव आहेत का, हे आधी तपासतो.

निफ्टी (एनएसईचा 50 कंपन्यांचा मुख्य निर्देशांक) स्वतः 200 च्या सरासरीखाली असेल तेव्हा नवी खरेदी बंद. 2020 मध्ये फेब्रुवारीअखेरीस तो खाली गेला होता, आणि 23 मार्चला 7,610 वर बंद झाला. याची किंमतही मोजावी लागते: परत वर येईतो तो 10 हजार ओलांडून गेला होता, तेवढी चढण या नियमाने हुकते. मला ते मान्य आहे.

लाख रुपयांत आठ ते दहा शेअर, प्रत्येकात दहा-बारा हजार, त्यापेक्षा जास्त एकात नको. शेअर 200 दिवसांच्या सरासरीखाली बंद झाला किंवा क्रमवारीत पहिल्या चाळिसातून बाहेर गेला की काढायचा. हे खरेदीच्या दिवशीच लिहून ठेवायचं. वर्षाच्या आत विकलेल्या नफ्यावर 20 टक्के कर आहे, तो धरूनच हिशेब करा.

आणि पहिले बारा रविवार काही घेऊ नका. दर रविवारी यादी काढा, वहीत तारीख, भाव आणि क्रमांक लिहा, पुढच्या रविवारी त्यातले किती टिकले ते शेजारी मांडा.