घराचे काम चालू असताना मुलीचा पाय मोडला आहे; काम थांबवावे का?

आपण विचारले आहे की, जुन्या नाशकातील वडिलोपार्जित घराची दुरुस्ती निम्म्यावर आली असताना सहा वर्षांच्या मुलीचा पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर घातले आहे, तर काम लगेच बंद करावे की उरकून घ्यावे. आमच्यावर नेमका हाच प्रसंग आला होता, म्हणून आम्ही जे केले आणि जे चुकले ते दोन्ही लिहिते.

आमचे घर रविवार कारंजाजवळच्या एका अरुंद गल्लीत आहे. विटा-चुन्याच्या भिंती, सागवानी तुळया आणि वर कौले. एप्रिलच्या अखेरीस कौले उतरवून वाळवी लागलेले वासे बदलायला घेतले होते आणि त्याच आठवड्यात जिन्याचा जुना लाकडी कठडा काढला होता. त्या जागी निदान दोर बांधावा हे कोणालाच सुचले नाही, मलाही नाही. माझा सात वर्षांचा मुलगा सहाव्या पायरीवरून खालच्या शहाबादी फरशीवर पडला आणि त्याचे नडगीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करावी लागली नाही, पण सहा आठवडे प्लास्टर राहील आणि डॉक्टर सांगेपर्यंत त्या पायावर भार द्यायचा नाही, असे बजावण्यात आले.

त्याच रात्री मी ठेकेदाराला फोन करून सगळे काम बंद करायला सांगितले. सकाळी सासूबाई मला वरच्या मजल्यावर घेऊन गेल्या, उघडे आभाळ दाखवले आणि म्हणाल्या, “वळवाचा पाऊस आला तर या पोराला घेऊन कुठे बसशील?” मी निर्णय घेतला होता तो माझ्या मनाला टोचणी लागली होती म्हणून, त्यात मुलाच्या सोयीचा विचार फारसा नव्हताच. मग आम्ही अर्धवट सोडल्यास त्यालाच धोका होईल अशी कामे वेगळी काढली. ती तीन निघाली: छप्पर, कठडा आणि भिंतीतून लोंबणाऱ्या विजेच्या तारा. कठडा दोन दिवसांत बसला, छप्पराला तीन आठवडे लागले आणि बाकी सारे काम प्लास्टर निघेपर्यंत थांबवले. माझे मत विचाराल तर आपणही हाच क्रम ठेवावा.

ठेकेदाराशी मात्र बोलणे स्पष्ट असू द्या. काम अंगावर, म्हणजे रोजंदारीऐवजी ठरलेल्या रकमेत, दिलेले असेल तर मध्येच थांबल्यावर त्याची माणसे दुसरीकडे जातात आणि परत मिळणे कठीण होते. झालेल्या कामाचे मोजमाप दोघांनी मिळून करावे, तेवढे पैसे चुकते करावेत आणि पुन्हा कधी सुरू करायचे ते कागदावर लिहून घ्यावे.

आता ज्या गोष्टीने आम्हाला सर्वांत जास्त हैराण केले ती सांगते. आमचा संडास परसात, दोन पायऱ्या चढून, आणि भारतीय पद्धतीचा होता. गुडघ्यावरपर्यंत प्लास्टर असलेल्या मुलाला उकिडवे बसता येत नाही, हे दवाखान्यातून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातही आले नव्हते. जिन्याखालच्या अडगळीच्या जागेत घाईने कमोड बसवून घेतला, तर पाय पुढे आला की दार लागेना. शेवटी दार काढून पडदा लावला आणि टाचेखाली उशी बांधलेला पाट ठेवला. तरीही तो जायला तयार होईना. चार-पाच दिवसांनी लक्षात आले की गवंडी आणि बिगारी समोरून घमेली घेऊन ये-जा करतात म्हणून तो लाजतो आहे आणि जावे लागू नये यासाठी पाणी पिणेच टाळतो आहे. पोट कडक झाले, रात्री रडायचा. मिस्त्रींना हे सांगितल्यावर त्यांनी रोज सकाळी अर्धा तास सगळ्यांना वर छपरावरच थांबवून ठेवायला सुरुवात केली आणि प्रश्न सुटला. म्हणून मुलीची निजण्याची खोली आणि तिचा संडास या दोन जागा आधी पूर्ण करून घ्या आणि तिच्या वेळेला तिथे परके माणूस फिरकणार नाही याची व्यवस्था करा.

धुळीचाही बंदोबस्त हवा. फरशी कापताना कटरवर पाण्याची धार सोडायला लावा, कारण ती कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते, आणि खोलीच्या दाराला जाड प्लास्टिक लावा. वाळूचे कण प्लास्टरमध्ये गेले की खाज असह्य होते. आमच्या मुलाने झाडूची काडी आत घातली होती आणि कातडी सोलली गेली. काहीही आत घालू देऊ नका, हेअर ड्रायरची थंड हवा सोडा. पायाची बोटे गार किंवा निळसर पडली, बधिर झाली किंवा वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेल्या, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. छप्पराच्या धांदलीत आम्ही बोटे पाहायला एक दिवस विसरलो होतो. काही झाले नाही, तरी ती आठवण अजून छळते.

मुलीला घेऊन दुसरीकडे राहता आले, तर ते अर्थातच उत्तम. माझे माहेर सिन्नरला, पण पहिल्या आठवड्यांत हाड जागेवर आहे की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा एक्स-रे काढावे लागत होते आणि प्रत्येक वेळी तीस किलोमीटर त्याला मागच्या सीटवर आडवे घालून आणणे जमले नसते. दवाखान्याजवळ तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने मिळाल्या, तर दोन महिन्यांचा तो खर्च जरूर करा आणि रंगाचे काम मागे टाका. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर दिलेल्या रंगाला नाहीतरी पोपडे येतात. आमचा रंग दसऱ्यानंतर झाला.

एक गोष्ट मात्र आजच करा. दुसऱ्या एक्स-रेच्या दिवशी आमच्या गल्लीत वाळूचा ढीग पडलेला होता, रिक्षा आत येईना, आणि माझ्या यजमानांनी त्याला दोन्ही हातांवर आडवे धरून, पाय कुठे आपटू नये म्हणून तिरके चालत, रस्त्यापर्यंत नेले. आपल्या मुलीच्या पुढच्या तपासणीची तारीख ठेकेदाराला आत्ताच कळवा आणि त्या दिवशी गल्लीत काहीही उतरवू नका म्हणून सांगा.