शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर (विषाणूमुळे होणारा साथीचा रोग) आणि लस : इंदूर परिसरातल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या वर्षी लस टोचूनही माझ्या चार शेळ्या पीपीआरने गेल्या. मग लस टोचायचीच कशाला? (देपालपूर)

लस टोचल्यावर आठवड्याभरातच गेल्या असतील, तर रोग आधीच अंगात होता. लागण झाल्यापासून ताप यायला चार-पाच दिवस लागतात. तसं नसेल, तर लस उन्हाने गेलेली असावी. आपल्याकडची ‘सुंगरी ९६’ ही उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या आयव्हीआरआयने (भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने) तयार केलेली लस भरवशाची आहे. एकदा नीट लागली की किमान तीन वर्षं संरक्षण देते. पण तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. तो मेला, की सुईतून नुसतं पाणी जातं. कुपी २ ते ८ अंशांतच हवी, कालवायचं द्रावणही गारच. कालवलेली लस दोन तासांत संपवा, उरलेली संध्याकाळसाठी मुळीच ठेवू नका. मानेच्या कातडीखाली १ मिली टोचतात. टोचणाऱ्याला आधी डबा उघडून बर्फ दाखवायला सांगा. त्याला राग आला तर येऊ द्या, जनावरं तुमची आहेत.

प्रश्न : बाजारातून आणलेल्या बकऱ्या लगेच कळपात सोडू का? (राऊ)

नको. तीन आठवडे वेगळ्या बांधा, चारा-पाण्याची भांडीही वेगळी. नाक-डोळे वाहणं, तोंडात फोड, हगवण यांपैकी काहीही दिसलं तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. विषाणूवर औषध नाही. प्रतिजैविकं आणि सलाईन देऊन न्यूमोनिया आणि शोष आवरता येतो, तोही लवकर गाठला तर.

प्रश्न : दिवाळीनंतर राजस्थानचे कळप आमच्या शिवारात उतरतात. माझ्याच तेवढ्या टोचल्या तर पुरेल? (सांवेर)

तुमच्या वाचतील, पण रोग गावातून जाणार नाही. कळप यायच्या निदान महिनाभर आधी सगळ्या गावाच्या शेळ्या-मेंढ्या एकदमच टोचून घ्या. करडं-कोकरं तीन-चार महिन्यांची झाली की टोचायची. त्याआधी आईच्या चिकाची ताकद लशीला मारक ठरते. मोठी जनावरं सुरक्षित असली, तरी दरवर्षी नवी पिल्लं येतात, आणि रोग शिरतो तो तिथूनच. गुरांची बुळकांडी लशीच्याच जोरावर २०११ साली जगातून गेली. पीपीआर तिच्याच कुळातला, आणि त्याच्या उच्चाटनासाठी २०३० साल ठरलेलं आहे.

प्रश्न : हा रोग माणसाला होतो का? (महू)

नाही. पण आजारी शेळी हाताळून तेच हात, तेच कपडे घेऊन निरोगी कळपात जाऊ नका.