रेडिओछंदींचे प्रश्न : मासे शोधणाऱ्या विमानाचं बोलणं

प्रश्न : अमेरिकेत चेसापीक उपसागराजवळ मुलीकडे आलो आहे. मेनहेडन माशांचे थवे शोधणारी छोटी विमानं पाण्यावर घिरट्या घालताना दिसतात. स्कॅनरवर, म्हणजे आपोआप चॅनल शोधणाऱ्या रेडिओवर, विमानांचा अख्खा बँड (लहरींचा पट्टा) पालथा घातला, पण मासेमारीचं अक्षरही कानावर पडलं नाही. कुठे शोधू?

उत्तर : वैमानिक बोलतोय तो बोटीशी, म्हणून बोटींच्या बँडवर या. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर त्याचं विमानतळाशी होणारं बोलणं तेवढं मिळेल, आणि ते एएममध्ये असतं. बोटींचा व्हीएचएफ बँड १५६ ते १६२च्या दरम्यान, आणि तिथे एफएम. एएम आणि एफएम या आवाज लहरीवर चढवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती, तेव्हा स्कॅनरचा मोड बदलायला विसरू नका. आधी १५७.४२५, म्हणजे चॅनल ८८ए लावा. मासेमारी बोटींना आपल्या विमानाशी बोलायला तो चालतो. तिथे सामसूम असेल तर बाकीचे व्यावसायिक चॅनल सर्चवर टाका.

बऱ्याचदा एकाच बाजूचं बोलणं ऐकू येईल. स्कॅनर बिघडलेला नसतो. ३०० मीटर उंचीवरच्या विमानाचा सिग्नल सुमारे ७० किलोमीटर पोचतो, बोटीची अँटेना मात्र पाण्यापासून जेमतेम काही मीटर वर. तुमची अँटेना गच्चीवर नेलीत तर बोटीचीही उत्तरं यायला लागतील.

जाळं टाकायची वेळ अजिबात चुकवू नका. मोठ्या जहाजावरून दोन होड्या उतरतात, प्रत्येकीत अर्धं जाळं. होडीतून थवा धड दिसत नाही. वरून तो पाण्यातला गडद डाग दिसतो, आणि तो सरकत असतो. डावीकडे, अजून डावीकडे, आता सोडा, असं वैमानिक सांगत जातो. दोन्ही होड्या फाकून गोल वळतात, पुन्हा भेटतात आणि जाळ्याचा तळ आवळला जातो. एवढं सगळं त्या एका आवाजाच्या भरवशावर! मला या ऐकण्याचं वेड आहे ते यासाठीच.

आता कायद्याचं. तिथे असं उघडं बोलणं ऐकायला हरकत नाही. मुद्दाम गुप्त केलेलं बोलणं उलगडू नका. ऐकलेलं दुसऱ्याला सांगणं किंवा त्यातून फायदा उठवणं १९३४च्या कम्युनिकेशन्स ॲक्टने मना आहे. थव्याची जागा शेजारच्या मच्छीमाराला कौतुकानेही सांगू नका, तो कुणाच्या तरी पोटापाण्याचा प्रश्न आहे. संकटातल्या जहाजाच्या किंवा विमानाच्या हाकेला मात्र हे बंधन नाही, तेव्हा १५६.८, म्हणजे चॅनल १६ कायम प्रायॉरिटीवर (स्कॅनर मधूनमधून आधी तोच तपासेल असा) ठेवा आणि तशी हाक ऐकलीत तर लगेच कोस्ट गार्डला कळवा.