विंचचा (अडकलेली गाडी ओढून काढायला गाडीवर बसवलेल्या यंत्राचा) दोर थेट झाडाला गुंडाळला तर चालतो का?

अजिबात नको. घाटातल्या चिखलातून थार गाडी ओढताना तारेचा दोर करवतीसारखा सालीत घुसतो. सालीखालचा थर गोलाकार कापला गेला की उभं झाड वाळतं. किमान 3 इंच रुंद पट्टा बुंध्याला जमिनीलगत घाला, दोन्ही टोकं शॅकलमध्ये (पिन लावून बंद होणारी लोखंडी कडी) घेऊन त्यात विंचच्या दोराचा हुक अडकवा. झाड जिवंत आणि मांडीएवढं तरी जाड हवं. ऐन, जांभूळ चांगले. पांगारा, शेवगा नकोच, लाकूड ठिसूळ. जांभ्या दगडावर माती पातळ, पावसात मुळं सुटतात. म्हणून ताण हळूहळू द्या. बुंध्याजवळची माती उचलली जाताना दिसली की लगेच थांबा. झाडाला पुली लावून दोर परत गाडीकडे आणलात तर झाडावर दोराच्या ताणाच्या जवळपास दुप्पट भार येतो, हे बरेच जण विसरतात. ताणलेल्या दोराजवळ कुणालाही उभं राहू देऊ नका.