वाचकांचे प्रश्न : 'हेलो' आधी की 'टायटनफॉल २'?

प्रश्न : एकट्याने खेळायची नेमबाजीच्या व्हिडिओ गेमची मोहीम हवी आहे, हाताशी शनिवार-रविवारच आहे. 'हेलो : कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड' (२००१) घेऊ की 'टायटनफॉल २' (२०१६)?
– एक वाचक, दादर

उत्तर : 'टायटनफॉल २' घ्या. साधारण सहा तासांत संपतो आणि एकही टप्पा रेंगाळत नाही. नवखे मात्र आडोशाला बसून गोळ्या झाडतात आणि खेळ बेचव होतो. पळा, घसरा, भिंतीवर चढा; एकाच भिंतीला चिकटून राहिलात तर खाली पडता, म्हणून लगेच समोरच्या भिंतीवर उडी घ्या. मनगटावरच्या यंत्राने भूतकाळ-वर्तमानकाळ बदलायचा टप्पा तर अप्रतिमच! तिथे उडी हवेत असतानाच काळ बदलावा लागतो. टायटनची, म्हणजे तुमच्या महाकाय यंत्रमानवाची, ताकद आपोआप भरत नाही, बॅटऱ्या शोधा.

'हेलो'त १० टप्पे आहेत. बेटावरचा चौथा आजही सुंदर वाटतो, पण सातवा, 'द लायब्ररी', त्याच त्या दालनांनी थकवतो. बंदुका दोनच बाळगता येतात, म्हणून प्लाझ्मा पिस्तूल सोडू नका : बटण दाबून धरून झाडलेल्या गोळ्याने एलिट नावाच्या शत्रूचं कवच उतरतं, मग साध्या पिस्तुलाने डोक्यावर नेम धरा. काठिण्य 'हिरोइक' ठेवा. 'नॉर्मल'वर हे डावपेच लागतच नाहीत.