२४ शब्द कुठे ठेवू? हार्डवेअर वॉलेटवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात क्रिप्टोच्या टॅक्सवर दोन परिच्छेद काय लिहिले, त्यानंतर मेल सुरू झाले ते सगळे त्या पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या हार्डवेअर वॉलेटबद्दलच. क्रिप्टो घ्यावं की नाही हा विषय आज नको, त्यावरून घराघरात भांडणं आहेतच. ज्यांनी घेतलंय त्यांनी ते सांभाळायचं कसं, तेवढंच बघू.

प्रश्न : मुलाने ऑनलाइन सेलमध्ये हार्डवेअर वॉलेट मागवून दिलं, बरंच स्वस्त पडलं. बॉक्समध्ये एक कार्ड आहे, ते स्क्रॅच केल्यावर पिन आणि २४ इंग्रजी शब्द मिळाले, म्हणजे सेटअप आधीच झालेला दिसतोय. आता एक्सचेंजवरचे (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटवरचे) बिटकॉइन यात टाकले की झालं ना? (लालबाग)

उत्तर : काका, एक रुपयाही टाकू नका त्यात. आयतं मिळालेलं हे कार्ड म्हणजेच फसवणूक आहे. बिटकॉइन त्या डबीत नसतातच, ते ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या इंटरनेटवरच्या सामायिक वहीत असतात, डबीत असते फक्त व्यवहारावर सही करायची किल्ली आणि ती किल्ली त्या २४ शब्दांतून तयार होते. म्हणजे ज्याच्याकडे शब्द त्याच्याकडे पैसे, डबी कोणाच्या कपाटात आहे याला काही अर्थ नाही. ज्याने कार्ड छापलं त्याच्याकडे कॉपी आहे, तुम्ही भरायची तो वाट बघत बसलाय. खरं मशीन शब्द स्वतः बनवतं, तुमच्यासमोर, आणि स्वतःच्या छोट्या स्क्रीनवर दाखवतं. लेजर असो, ट्रेझॉर असो, कुठलीच कंपनी शब्द छापून पाठवत नाही.

रीसेट करून वापरू का असं मनात येईल. नको, आतल्या पार्टसना कोणी हात लावलाय का ते आपल्याला कळणार नाही. परत करून टाका, आणि नवीन घ्याल ते कंपनीच्या साइटवरून किंवा त्या साइटवर ज्या विक्रेत्यांची नावं दिलीत त्यांच्याकडूनच. लॅमिंग्टन रोडवरून मी केबलपासून रॅमपर्यंत सगळं घेतो, पण हे नाही घेणार, सेकंडहँड तर अजिबातच नाही.

नवीन आलं की क्रम असा ठेवा. कंपनीचं अ‍ॅप तिच्याच साइटवरून उतरवा, सर्चमध्ये वर आलेल्या जाहिरातीवरून नाही. २०२३ मध्ये लेजरचं खोटं अ‍ॅप मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरवर सापडलं होतं आणि लोकांचे लाखो डॉलर गेले. मग फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट, मग पिन (जन्मसाल नको), मग मशीन शब्द दाखवेल ते हाताने कागदावर क्रमाने लिहा आणि मशीन विचारेल तसे तपासून घ्या. त्यानंतर रिसीव्हचा पत्ता (कॉइन ज्यावर येतात तो लांबलचक कोड) काढा, तो कॉम्प्युटरवर आणि मशीनच्या स्क्रीनवर सेम आहे का अख्खा बघा, आणि एक्सचेंजवरून छोटीशी रक्कम पाठवा.

आता सगळे जी पायरी गाळतात ती. रक्कम आली की मशीन मुद्दाम फॅक्टरी रीसेट करा आणि कागदावरून शब्द टाकून वॉलेट परत उभं करा. छोटी रक्कम परत दिसली म्हणजे तुमचा कागद बरोबर आहे, अक्षर वाचता येतंय, क्रम चुकलेला नाही. हे थोडेसे पैसे आत असतानाच करून बघायचं असतं, सगळी पुंजी टाकल्यावर कोणाची हिंमत होत नाही. मोठी रक्कम त्यानंतरच हलवा.

प्रश्न : शब्द डायरीत लिहिलेत पण आमचं घर टॉप फ्लोअरला, दर पावसाळ्यात भिंत गळते. मिस्टर म्हणतात फोटो काढून गूगल ड्राइव्हवर टाकू. भाऊ म्हणतो १२ शब्द आपल्याकडे आणि १२ त्याच्याकडे ठेवू. कोणाचं ऐकू? (बोरिवली)

उत्तर : ताई, दोघांचंही नको. फोटो काढला की तो तुमच्या हातात राहत नाही, बॅकअप आपोआप जातो आणि फोन बदलला की जुना फोन कोणाकडे गेला याचा पत्ता नसतो. २०२५ च्या सुरुवातीला तर गूगल प्ले आणि अ‍ॅपल, दोन्हींच्या स्टोअरवरच्या काही अ‍ॅपमध्ये असं मालवेअर सापडलं जे गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून नेमके हेच शब्द शोधतं. इंटरनेटपासून लांब राहायला हजारो रुपयांचं मशीन घ्यायचं आणि शब्द मात्र ड्राइव्हवर टाकायचे, मग मशीन घेतलंच कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवणं, मेलमध्ये ड्राफ्ट करून ठेवणं, हे सगळं त्यातच आलं.

भावाच्या आयडियात वेगळी गडबड आहे. अर्धे इथे अर्धे तिथे म्हणजे दोनपैकी एक कागद हरवला तरी सगळंच गेलं, आणि १२ शब्दांचं वॉलेट असेल तर सहा शब्द कळलेल्या माणसाला उरलेले शोधणं आधीपेक्षा कितीतरी सोपं होतं. त्यापेक्षा पूर्ण २४ शब्दांच्या दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत. एक घरी, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा जिच्यावर डोळे झाकून विश्वास आहे अशा बहिणीकडे.

गळतीचं म्हणाल तर मुंबईत कागदावर भरवसा ठेवायचाच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावरच्या लोकांची रेशनकार्डं, घराचे कागद, सगळ्याचा लगदा झाला होता, आणि तसा पूर नसला तरी ओल आणि कसर आहेच. म्हणून स्टीलवर कोरा. यासाठी खास पट्ट्या विकत मिळतात, पण नागदेवी स्ट्रीटला लेटर पंचचा सेट आणि जाड स्टेनलेस स्टीलची पट्टी घेऊन हातोडीने घरीच ठोकलं तरी चालतं, शेजारी ओरडतील तेवढंच. अख्खा शब्द ठोकायची गरज नाही, कारण या शब्दांची यादी ठरलेली आहे, २०४८ शब्दांची, आणि तिच्यात पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द वेगळा ओळखू येतो. नंबर मात्र टाका, क्रम महत्त्वाचा आहे.

आणि हो, भांड्यांवर नाव घालून देणाऱ्याकडे ही पट्टी घेऊन जाऊ नका! हसू नका, एका वाचकाने खरंच विचारलंय.

प्रश्न : विरार लोकलमध्ये बॅग मारली, त्यात वॉलेट होतं. पिन होता. पैसे गेले का? (मालाड)

उत्तर : शब्द घरी आहेत ना? मग नाही गेले. लेजर तीन चुकीच्या पिननंतर स्वतःला पुसून टाकतं, ट्रेझॉरही ठराविक चुकांनंतर. पण निवांत बसू नका. जुन्या ट्रेझॉर मॉडेलमधून, मशीन हातात असेल तर, शब्द काढता येतात हे क्राकेन एक्सचेंजच्या सिक्युरिटी टीमने २०२० मध्ये करून दाखवलं होतं. नवीन मशीन घ्या, जुन्या शब्दांनी वॉलेट उघडा, मग नवीन शब्दांचं दुसरं वॉलेट करून सगळं तिकडे हलवा. आणि पुढच्या वेळी मशीन रोज बॅगेत का असतं ते सांगा, ऑफिसला त्याचं काय काम?

प्रश्न : वझीरएक्सकडे पण हार्डवेअर वॉलेट होते असं वाचलं. तरी एवढा हॅक झाला, मग आमच्यासारख्यांनी हे घेऊन उपयोग काय? (मुलुंड)

उत्तर : तुमचा प्रश्न या ढिगातला सगळ्यात चांगला. १८ जुलै २०२४ ला आपल्या मुंबईच्याच या एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३.५ कोटी डॉलर गेले. ते वॉलेट अनेकांच्या सह्यांवर चालणारं होतं, आणि कंपनीने तेव्हा सांगितलं की सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होते पण कॉम्प्युटरवर जो व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात ज्यावर सही झाली ते वेगळं होतं. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या दुसऱ्या एक्सचेंजचे सुमारे १५० कोटी डॉलर गेले, तिथेही स्क्रीनवर एक आणि सही भलत्यावरच.

म्हणजे किल्ली कोणी चोरली नाही, मालकाकडूनच सही करून घेतली. कोऱ्या चेकवर सही करणाऱ्याचा चेकबुक लॉकरमध्ये असून काय फायदा? मशीनच्या स्क्रीनवर अर्थ न लागणारे आकडे-अक्षरं येतात आणि माणूस ओके दाबतो, याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात. साधं बिटकॉइन पाठवताना ही अडचण फारशी येत नाही, मशीन पत्ता आणि रक्कम सरळ दाखवतं, तुम्ही वाचायचं तेवढं. खरा धोका इथेरियमवर (बिटकॉइनसारखंच दुसरं क्रिप्टो नेटवर्क) वेगवेगळ्या साइटना वॉलेट जोडून फुकट टोकन, म्हणजे तिथली कॉइन, घ्यायला जाणाऱ्यांना, तिथे एका सहीत तुमची सगळी टोकन्स उचलायची परवानगी जाऊ शकते. असले उद्योग करायचेच असतील तर थोडेसे पैसे ठेवून वेगळं वॉलेट करा, साठवणीच्या वॉलेटला कुठल्याच साइटला जोडू नका.

पत्त्याचंही तसंच. कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलून टाकणारे व्हायरस आहेत, आणि तुमच्या जुन्या व्यवहारांच्या यादीत पहिली-शेवटची अक्षरं सेम असलेला पत्ता मुद्दाम घुसवून ठेवणारे लोक पण आहेत. म्हणून यादीतून पत्ता उचलायचा नाही आणि मधली अक्षरं पण बघायची. कंटाळवाणं आहे, माहितीये.

प्रश्न : वॉलेट कंपनीच्या लेटरहेडवर पत्र आलं, नाव-पत्ता बरोबर, क्यूआर स्कॅन करून ठराविक तारखेच्या आत व्हेरिफिकेशन करा नाहीतर वॉलेट बंद. (विलेपार्ले)

उत्तर : फाडून टाका. लेजरचा ग्राहकांचा डेटा २०२० मध्ये फुटला, सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर बाहेर आले, आणि तेव्हापासून असली पत्रं फिरतायत, काहींना तर घरपोच नकली मशीन पाठवली होती. तुमचं वॉलेट बंद करायची सोय कंपनीकडे नाहीच. क्यूआर उघडला की शेवटी शब्द मागतात, आणि शब्द मशीनशिवाय कुठेही टाइप करायचे नाहीत, सपोर्टवाल्याने विचारले तरी. कोणी पैसे नेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पण क्रिप्टो परत मिळणं अवघड असतं हे आधीच सांगतो.

प्रश्न : मिस्टरांचं सगळं त्या मशीनमध्ये आहे, मला काहीच माहीत नाही. उद्या काही झालं तर? आणि मशीनमध्ये हलवताना टॅक्स लागतो का? (चेंबूर)

उत्तर : आधी टॅक्सचं. आपल्याच वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नाही, त्यावर ३० टक्के लागत नाहीत, एक्सचेंजची विथड्रॉवल फी तेवढी जाईल. पण कधी, किती, कितीला घेतलं याचे स्टेटमेंट उतरवून ठेवा, कारण पुढे विकाल तेव्हा खरेदीची किंमत तुम्हालाच दाखवायची आहे आणि एक्सचेंज तोपर्यंत असेलच असं नाही.

आता मुख्य गोष्ट. मृत्युपत्रात फक्त एवढं लिहावं की अशी मालमत्ता आहे आणि ती कोणाला द्यायची. शब्द त्यात लिहू नयेत, तो कागद वकिलापासून कोर्टापर्यंत बऱ्याच हातांतून जातो. वेगळ्या पाकिटात साध्या मराठीत सूचना ठेवायच्या : मशीन कुठलं, स्टीलची पट्टी कुठे, घाई करू नका, मदत करतो म्हणणाऱ्या कोणालाही शब्द दाखवू नका. मिस्टरांनी पासफ्रेज म्हणून जादा शब्द लावला असेल तर तोही कुठेतरी लिहिलेला हवा, कारण चुकीचा पासफ्रेज टाकला तर मशीन एरर देत नाही, गुपचूप एक रिकामं वॉलेट उघडतं आणि माणसाला वाटतं पैसे गेले. नवीन माणसाने पासफ्रेजच्या नादी लागूच नये असं माझं मत.

आणि ताई, एका रविवारी मिस्टरांना बाजूला बसवून ५०० रुपयांचे कॉइन तुम्ही स्वतः पाठवून बघा. त्यांनी मध्ये बोलायचं नाही, तुम्ही जिथे अडाल तेच त्या पाकिटातल्या कागदावर नीट लिहायचं राहिलंय.