पंचवीस हजार गाणी: विकिपीडियावर किती विसंबायचं?

तुम्ही विचारलंत की लताबाईंच्या गाण्यांचा आकडा कुठे पंचवीस हजार, कुठे तीस हजार, तर कुठे पाच हजार दिसतो. मग गाण्यांच्या बाबतीत विकिपीडिया वाचावा की नाही? वाचावा. मी रोज वाचतो आणि जमेल तशी भरही घालतो. पण एकाच पानावर अस्सल माहिती आणि ऐकीव गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या असतात, म्हणून अख्ख्या पानाला सरसकट खरं किंवा खोटं म्हणता येत नाही. ओळ न् ओळ तपासावी लागते.

तुमचाच आकडा घेऊ. विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या 'गिनेस' पुस्तकाच्या १९७४ च्या आवृत्तीत लताबाईंच्या नावावर १९४८ ते १९७४ या काळात, वीस भाषांत, किमान २५,००० गाण्यांची नोंद झाली. आता हिशोब करा. सव्वीस वर्षांत पंचवीस हजार म्हणजे वर्षाला साडेनऊशेहून अधिक, एकही दिवस सुट्टी न घेता रोज अडीच गाणी. पन्नासच्या दशकात हिंदीत वर्षाला शंभर-सव्वाशे चित्रपट निघत, एकेकात सात-आठ गाणी. म्हणजे रफी, तलत, मुकेश, शमशाद, गीता दत्त, आशाबाई सगळे मिळूनच वर्षाची गाणी हजाराच्या घरात. मराठी, बंगाली वगैरे भाषांतली लताबाईंची गाणी मिळवली तरी काही शेकड्यांचीच भर पडते. ज्यांनी प्रत्यक्ष मोजदाद केली त्यांचा हिंदी चित्रपटगीतांचा आकडा पाच हजारांच्या आसपास येतो आणि माझ्या मते तोच खरा धरावा. एवढ्या दर्जाची पाच हजार गाणी! त्यांना मोठं ठरवायला फुगवलेला आकडा लागतोच कुठे?

या आकड्यावरून रफीसाहेबांनीही हयातीत गिनेसकडे पत्रं लिहून हरकत घेतली होती. ते गेल्यानंतर १९८४ च्या आवृत्तीत लताबाईंच्या नोंदीबरोबर त्यांचा ११ भाषांतल्या २८,००० गाण्यांचा दावाही छापला गेला. १९९१ मध्ये नोंदच काढून टाकली. पुढे २०११ मध्ये आशाबाईंचं नाव आलं ते ११,००० पर्यंतच्या गाण्यांसाठी, आणि २०१६ मध्ये दक्षिणेतल्या पार्श्वगायिका पी. सुशीलांचं, १७,६९५ गाण्यांसाठी. हा शेवटचा आकडा मुद्दाम पाहा. यादी करून मोजलं की आकडा असा येतो. पंचवीस हजार, अठ्ठावीस हजार, तीस हजार असे गोल आकडे दिसले की मी आधी थांबतो आणि यादी कुठे आहे ते शोधतो.

म्हणजे चूक विकिपीडियाने जन्माला घातली नाही. ती छापील पुस्तकात आली तेव्हा विकिपीडिया सुरू व्हायला २७ वर्षं होती. पण विकिपीडियाचा नियम असा की प्रकाशित संदर्भ असेल तर मजकूर टिकतो. वर्तमानपत्र पुस्तकातून उचलतं, पानावर वर्तमानपत्राचा संदर्भ लागतो, पुढचा पत्रकार पानावरून उचलतो आणि त्याचा लेख पुन्हा पानावर नवा संदर्भ म्हणून येतो. पाच संदर्भ दिसतात, मूळ एकच. २०२२ मध्ये लताबाई गेल्या तेव्हा निरनिराळ्या मृत्युलेखांत पंचवीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आकडे आले.

मृत्युलेखांची घाई ही यातली सगळ्यात घातक जागा आहे. २००७ मध्ये ब्रिटिश टीव्ही-संगीतकार रॉनी हेझलहर्स्ट वारले. त्यांच्या विकिपीडिया पानावर कुणीतरी घुसडलं होतं की 'एस क्लब सेव्हन' या पॉप गटाचं एक गाजलेलं गाणं त्यांनी लिहिलं. बीबीसीसह मोठमोठ्या माध्यमांनी ते तसंच दिलं. मार्च २००९ मध्ये फ्रेंच संगीतकार मॉरिस झार गेले, तेव्हा डब्लिनमधल्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या विकिपीडिया पानावर त्यांच्या तोंडी एक बनावट वाक्य घातलं, पत्रकार पडताळून पाहतात का हे बघायला. विकिपीडियावरच्या स्वयंसेवकांनी संदर्भ नाही म्हणून ते काढलं. 'गार्डियन'सारख्या वृत्तपत्रात मात्र ते छापून आलं. पगार घेणाऱ्यांच्या आधी फुकट राबणाऱ्यांना शंका आली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

गाण्यांच्या पानांवर खोडसाळपणापेक्षा प्रेमच जास्त नुकसान करतं. आपल्या गायकाचं एक गाणं कमी झालेलं चाहत्याला सोसत नाही. पण त्या प्रेमाला शिस्त लागली तर कोणत्याही विद्यापीठाला जमणार नाही असं काम होतं. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांचा 'हिंदी फिल्म गीत कोश' पाहा. दशकवार खंड, प्रत्येक चित्रपटाची गाणी, गायक, गीतकार, शिवाय रेकॉर्डचे क्रमांक. हे एका चाहत्याने उभं केलेलं काम आहे.

मोजणंही सोपं नसतं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत, म्हणून लांब गाणं दोन बाजूंना 'भाग १' आणि 'भाग २' असं येई. ते एक की दोन? आनंदी आणि दुःखी अशा दोन चाली असतील तर? चित्रपटात आहे पण रेकॉर्डच निघाली नाही, त्याचं काय? हे आधी न ठरवता दिलेला आकडा कुचकामी.

बरं, रेकॉर्डचं लेबल म्हणजेही ब्रह्मवाक्य नव्हे. 'महल' (१९४९) मधलं 'आयेगा आनेवाला' पहिल्यांदा निघालं तेव्हा लेबलवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं! 'साधी माणसं' या मराठी चित्रपटाच्या संगीतकाराचं नाव 'आनंदघन', आणि ते म्हणजे लताबाईच हे आज आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा प्रेक्षकांना नव्हतं. म्हणून लेबल, चित्रपटाची श्रेयनामावली आणि कोश ही तिन्ही ताडून बघायची.

विकिपीडियाच्या पानावर मी आधी 'इतिहास पहा' उघडतो. वादग्रस्त ओळ कुणी, कधी घातली आणि कितीदा बदलली ते तिथे दिसतं. मग 'चर्चा' हे पान. संदर्भाचा दुवा उघडून ते वाक्य खरोखर तिथे आहे का ते वाचतो, बऱ्याचदा नसतं. संदर्भच नसेल तर 'संदर्भ हवा' अशी खूण करून ठेवतो.

तुम्हाला लताबाईंचं पान सुधारायचं असेल तर २५,००० पुसून ५,००० लिहू नका, तासाभरात कुणीतरी परत फिरवेल. 'गिनेसच्या १९७४ च्या आवृत्तीत असा दावा होता, त्यावर हरकत घेतली गेली, १९९१ मध्ये नोंद वगळली' असं वर्षांसकट, संदर्भ देऊन लिहा आणि कारण चर्चापानावर मांडा. स्वतःची मोजणी तिथे चालत नाही, छापील कोशाचा पृष्ठक्रमांक चालतो. घरात जुन्या रेकॉर्डी असतील तर लेबलवरचा क्रमांक, बाजू आणि नावं जशी छापली आहेत तशीच उतरवून घ्या. 'लता' एवढंच छापलं असेल तर 'लता' एवढंच लिहा.